पॉयझन ओकचं पुरळ जाऊन परत येतंय? आधी बुटांच्या नाड्या बघा

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातले डोंगर फेब्रुवारी-मार्चमध्ये हिरवे झाले की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर लोकांचे हात, पोटऱ्या आणि माना यायला लागतात. कारण एकच: अंगाला घासलं की पुरळ उठवणारं इथलं झुडूप, पॉयझन ओक. मी डॉक्टर नाही. आमच्या शनिवारच्या चालण्याच्या गटात एवढीच ख्याती आहे की पुरळ कुठून येतंय ते हिला सापडतं. आता फोटो उघडायच्या आधीच मी दोन प्रश्न टाकते: घरात कुत्रा आहे का, आणि बूट कुठे काढता?

लक्षणं

तुमची तक्रार यात बसते का ते आधी बघा.

- खाज डोंगरावरून आल्या आल्या नाही, तर एक ते तीन दिवसांनी सुरू झाली. आयुष्यात पहिल्यांदाच या झाडाशी गाठ पडली असेल तर एक ते तीन आठवडेसुद्धा मध्ये जातात, आणि मग लोकांना तो डोंगर आठवतच नाही.
- पुरळ ठिपक्याठिपक्यांचं कमी आणि रेघांचं जास्त. फांदी जिथून घासून गेली तिथून रेघ, रेघेवर दाटीने बसलेले बारीक पाण्याचे फोड.
- मनगटाची आतली बाजू, घोटा, पोटरी, मान, कानामागे. तळहात आणि तळपाय सहसा सुटतात, कारण तिथली कातडी जाड असते.
- रंगावर जाऊ नका. नेटवरचे बहुतेक फोटो गोऱ्या कातडीचे असतात, लालभडक. आपल्या सावळ्या कातडीवर तेच पुरळ जांभळट किंवा तपकिरी दिसतं. डोळ्यांना दिसायच्या आधी बोटाला उंचवटा लागतो. ‘फोटोसारखं नाहीये, म्हणजे दुसरं काहीतरी असेल’ म्हणत आठवडा घालवलेले कितीतरी जण मला भेटलेत.
- चार-पाच दिवस रोज नवीन जागी चट्टा निघतो.
- आणि मुख्य तक्रार: सगळं सुकलं, खपल्या पडल्या, आणि मधल्या काळात डोंगराचं तोंडही न बघता पुन्हा तेच सुरू.

बिघाड कुठे असतो

पॉयझन ओकच्या पानात, फांदीत, मुळात एक तेलकट पदार्थ असतो, उरुशिऑल. कातडीला लागल्यापासून काही मिनिटांत तो आत मुरायला लागतो. पुरळ येतं ते तेलाने भाजून नव्हे, तर आपल्याच शरीराच्या पेशी त्या जागेवर तुटून पडतात म्हणून. त्या पेशींची जमवाजमव व्हायला वेळ लागतो, त्यामुळे हा दिवसांचा उशीर. पातळ कातडीवर आधी उठतं, जाड कातडीवर नंतर. ‘पसरतंय, पसरतंय’ असं वाटतं ते बहुतेक वेळा एवढंच असतं: एकाच दिवशी लागलेलं तेल वेगवेगळ्या दिवशी उठतंय.

फोडातल्या पाण्यात उरुशिऑल नसतं. फोड फुटून पाणी ओघळलं म्हणून पुरळ पुढे सरकत नाही, नवऱ्याचं बायकोला होत नाही, आणि मुलाला कडेवर घेतल्याने मुलाला होत नाही. त्या मुलाला झालंच असेल तर तुमच्या पुरळामुळे नाही, तुमच्या जॅकेटवरच्या तेलामुळे.

हे तेल कोरड्या जागी महिनोन् महिने, कधी वर्षभराहूनही जास्त, तसंच टिकून राहतं. पुन्हा पुन्हा येणाऱ्या पुरळाचं मूळ इथे आहे, आणि आपल्या लोकांना ते पटवून द्यायला फार कष्ट पडत नाहीत. बिब्बा, काजू, आंबा आणि पॉयझन ओक ही सगळी एकाच कुळातली. बिब्बा उततो तो अशाच तेलाने. वेंगुर्ल्याकडे काजू फोडणाऱ्या बायका हाताला राख नाहीतर तेल चोळून बसतात ते टरफलातल्या तेलापासून बोटं वाचावीत म्हणून. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर पुरळ उठायला लागलं, ते नेमकं कपड्यावरच्या धोब्याच्या खुणेखाली. ती खूण बिब्ब्याच्या तेलाने केलेली असायची. १९४३ साली अमेरिकी डॉक्टरांनी त्यावर लेखही लिहिला. कपडा धुऊन, वाळून आलेला, तरी तेलाचं काम चालूच. तुमच्या बुटाच्या नाडीवर आज तेच चाललंय.

आता तपासण्या. फुकटातल्या आधी, खर्चाच्या नंतर. क्रम मोडू नका.

१. हे पॉयझन ओकच आहे ना?

पैसा लागत नाही, फक्त नीट बघायचं. रात्री खाज जास्त, बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ, घरात आणखी कुणी खाजवतंय: खरजेचा संशय घ्या. सकाळी उठल्यावर ओळीने तीन-चार चावे: ढेकूण, विशेषतः नुकतेच कुठल्या हॉटेलात राहून आला असाल तर. अंगाच्या एकाच बाजूला पट्टा, खाजेपेक्षा ठणका आणि आग जास्त: नागीण. नागिणीला वेळेवर औषध सुरू होणं महत्त्वाचं असतं, तिथे पुढचं काही वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. उन्हात बसून लिंबं पिळल्यावर हातावर ओघळाच्या आकाराचे फोड आले तर तो लिंबाचा रस आणि ऊन यांचा प्रताप, पॉयझन ओकचा नव्हे.

झाडही आठवून बघा. तीन-तीन पानांचा झुपका, मधलं पान लांब देठाचं, कडा ओकच्या पानासारख्या वळणावळणाच्या. वसंतात तांबूस तुकतुकीत, मग हिरवं, उन्हाळा सरताना भडक लाल. ब्लॅकबेरीलाही तीन पानं असतात, पण तिला काटे असतात, याला नाहीत. खऱ्या ओकची पानं तिनाच्या झुपक्यात येत नाहीत. हिवाळ्यात याची पानं झडून नुसत्या काटक्या उरतात आणि काटक्यांतही तेल असतं. ‘डिसेंबरमध्ये कुठलं पॉयझन ओक’ म्हणणारे लोक जानेवारीत फोटो पाठवतात. साधारण पाच हजार फुटांच्या वर मात्र हे झाड क्वचित दिसतं, त्यामुळे टाहो सरोवराकडच्या उंच वाटांवरून आलेलं पुरळ असेल तर संशय दुसरीकडे वळवा.

२. तारखा मांडा

कागद घ्या. कोणता चट्टा कोणत्या दिवशी दिसला ते लिहा आणि त्याच्या मागचे तीन दिवस काय हाताळलं ते लिहा. कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात उपयोगी हेच. सगळे चट्टे एकाच फेरीनंतरच्या आठवड्यात निघाले असतील तर नवीन काही लागत नाहीये, फक्त कळ काढायची आहे. दोन ते तीन आठवड्यांत जातं. पण दहा-बारा दिवसांनी अगदी नव्या जागी, नव्या रेघा निघाल्या तर घरात कुठेतरी तेल आहे. त्या जागेवरूनच वस्तू ओळखता येते. खांद्यावर आडवा पट्टा: गाडीचा सीटबेल्ट किंवा सॅकचे पट्टे. फक्त तर्जनी आणि अंगठा: नाड्या. गालावर एकाच बाजूला: फोन. हनुवटी आणि मानेच्या पुढच्या बाजूला: कुत्र्याला जवळ घेणं.

३. अंग खरंच धुतलं गेलं का?

‘आंघोळ केली की!’ हे उत्तर मला चालत नाही. उरुशिऑल तेल आहे. तेल नुसत्या पाण्याने आणि सुगंधी शॉवर जेलने दोन मिनिटांत निघत नाही. भांड्यांचा साबण घ्या, ओला खरखरीत कपडा घ्या, कोमट किंवा गार पाण्याखाली घासा, धुवा, पुन्हा घासा, पुन्हा धुवा. निदान तीनदा. घासणं महत्त्वाचं, साबण कोणता ते दुय्यम. कातडी सोलवटेल असं घासू नका, तव्यावर नाही घासत आहात तुम्ही.

पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत धुतलं तर बरंच वाचतं. तासाभराने मुरलेलं तेल निघत नाही, पण वर उरलेलं निघतं आणि ते दुसरीकडे लागायचं थांबतं, म्हणून उशीर झाला तरी धुवाच. गाडीच्या डिकीत पाण्याचा कॅन, छोट्या बाटलीत भांड्यांचा साबण आणि जुना नॅपकिन ठेवला की पार्किंगमध्येच काम होतं.

दुकानात यासाठी खास द्रव मिळतात. त्यातलं सगळ्यात जुनं टेक्नू १९६१ साली अंगावरची किरणोत्सारी धूळ काढायला बनवलं होतं, असं कंपनीच सांगते. चांगलं आहे. पण २००० साली छापलेल्या एका तुलनेत खास द्रव, मेकॅनिक लोकांचा हँड क्लीनर आणि साधा भांड्यांचा साबण यांच्यात म्हणण्यासारखा फरक निघाला नव्हता. किमतीतला फरक मात्र म्हणण्यासारखा आहे.

एक आपल्याकडची सवय इथे आड येते. बिब्बा उतला की खोबरं-खोबरेल लावतात, तेच इथेही पहिल्याच दिवशी चोळलं जातं. न धुतलेल्या अंगावर तेल चोळलं तर उरुशिऑल त्यात मिसळून आणखी पसरतं. खोबरेल लावायचंच तर शेवटी, खपल्या सुकल्यावर.

४. नखं, फोन, घड्याळ, चष्मा

पाच मिनिटांचं काम. नखं कापा आणि खालून ब्रशने घासा. फोनचं कव्हर काढून धुवा, फोन अल्कोहोलच्या पुसण्याने पुसा. घड्याळाच्या कापडी पट्ट्यावर माझा विशेष राग आहे. तो कुणीच धूत नाही. चष्म्याच्या दांड्या आणि टोपीची कडाही घ्या.

५. कपडे, आणि त्याहून बूट

कपडे सोपे आहेत. हातमोजे घालून उचला, इतर कपड्यांत न मिसळता, डिटर्जंट टाकून गरम पाण्यावर धुवा. बास्केटमध्ये आठवडाभर ठेवायचे नाहीत, कारण त्या बास्केटमध्ये वरून घरच्यांचे कपडे पडतात.

बूट हे खरं प्रकरण. मला सापडलेल्या परत येणाऱ्या पुरळांपैकी बहुतेकांचं मूळ इथेच निघालं. क्रम बघा: वाटेच्या कडेचं झुडूप घोट्याला आणि नाड्यांना घासतं. घरी येऊन तुम्ही पँट धुता, अंग धुता, बूट गॅरेजमध्ये ठेवता. पुढच्या शनिवारी अगदी स्वच्छ, सपाट वाटेवर जायला निघता, वाकून नाड्या बांधता आणि त्याच बोटांनी कपाळावरचे केस मागे सारता. मंगळवारी पापणी सुजते. ‘या वेळी तर एकही झाड दिसलं नाही!’ झाड दिसायची गरजच नव्हती.

म्हणून: नाड्या काढून भांड्यांच्या साबणात घासून धुवा, किंवा सरळ फेकून द्या. दोन-चार डॉलरचा प्रश्न आहे. बुटाची जीभ, कडा आणि मागचं ओढायचं कापडी नाक साबण आणि ब्रशने घासा. हे सगळं हातमोजे घालून. हातमोजे वापरून फेकायचे असोत. कापडी हातमोजे तेल शोषून घेतात.

६. कुत्रा

कुत्र्याला स्वतःला सहसा काही होत नाही, केसांमुळे कातडीपर्यंत तेल पोचत नाही. पण तो झुडपात शिरतो, बाहेर येतो आणि सोफ्यावर उडी मारतो. तुमच्या घरात डोंगरावर न जाणाऱ्या माणसाला, आजीला किंवा रांगत्या बाळाला पुरळ उठलं असेल तर ही तपासणी वर घ्या. हातमोजे आणि लांब बाह्या घालून त्याला शॅम्पूने आंघोळ घाला. पट्टा आणि गळपट्टाही धुवा. पट्टा हा तर बुटाच्या नाडीचा मोठा भाऊ.

७. गाडी, सॅक, काठ्या

स्टीअरिंग, गिअर, दाराची मूठ, सीटबेल्ट, चालकाच्या सीटची डावी कड. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, मग स्वच्छ ओल्या फडक्याने. काठ्यांच्या मुठी आणि मनगटात अडकवायचे पट्टे धुवा. सॅक जमिनीवर कुठे टेकवली होती ते आठवा, तिचा तळ घासा.

८. तोंडाभोवतीच येतंय?

मग झाडाऐवजी आंब्याकडे बघा. आंब्याच्या सालीत आणि देठाच्या चिकात उरुशिऑलचे जवळचे नातलग असतात. कोकणात आंबा चोखून ओठाच्या कडेला चट्टा उठलेली पोरं दर उन्हाळ्यात दिसतात. पॉयझन ओकने अंग एकदा जागं झालेल्या माणसाला हा त्रास जास्त होऊ शकतो. साल दुसऱ्याकडून काढून घ्या, गर खा, चोखू नका. आंबा सोडायला मी कुणाला सांगत नाही, सांगितलं तरी ऐकणार कोण.

९. परसदार

इतकं करूनही येतंच असेल तर कुंपणाशी जा. पॉयझन ओक झुडपासारखं वाढतं तसं वेलीसारखं झाडावरही चढतं. बागकामाचे मोजे, कात्री, सरपणाचा ढीग तपासा. झाड सापडलं तर दोन गोष्टी करू नका: हाताने उपटू नका, आणि जाळू तर अजिबात नका. धुरातून तेल फुप्फुसात जातं, आणि वणवे विझवणाऱ्या जवानांनाही या धुराचा मोठा त्रास होतो. काढायचं काम माहीतगार माणसाला पैसे देऊन करून घ्या. बे एरियाच्या पूर्वेकडच्या (ईस्ट बे) डोंगरांवर आगीचा धोका कमी करायला शेळ्या सोडतात, त्या हे झाड आनंदाने खातात. त्या शेळ्यांना गोंजारू नका.

तोवर खाजेचं काय?

खाज एकदम थांबवणारं दुकानात काही नाही, हे आधी मान्य करा. गार पाण्यात पिळलेलं फडकं पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. वाहणाऱ्या फोडांवर कॅलॅमाइन. बारीक दळलेल्या ओट्सचं पाणी आंघोळीला. दुकानात मिळणारं १ टक्का हायड्रोकॉर्टिझोन सुरुवातीला थोडी मदत करतं, मोठ्या फोडांपुढे त्याचं फारसं चालत नाही. ही खाज हिस्टामिनमुळे नसते, म्हणून अ‍ॅलर्जीच्या गोळीने ती विशेष कमी होत नाही. गुंगी आणणारी गोळी रात्री झोप देते, इतकंच. घ्याल तेव्हा गाडी चालवू नका. फोड मुद्दाम फोडू नका.

काही मलमांनीच नवी अ‍ॅलर्जी उठू शकते: डायफेनहायड्रामिन, बेन्झोकेन किंवा निओमायसिन असलेली. आणि भारतातून येताना आणलेली ती ट्यूब, जिच्यात तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं, ती खणात परत ठेवा. चेहऱ्यावर, जांघेत आणि मुलांना तर नाहीच.

सुकल्यावर आपल्या कातडीवर काळसर डाग काही महिने राहतात. ते पुरळ नव्हे. उन्हात जाताना सनस्क्रीन लावा, बाकी त्यांच्या मागे लागू नका.

इथे थांबा आणि डॉक्टर गाठा

धुराशी संबंध आला आणि श्वास लागतोय, किंवा चेहरा-घसा सुजून गिळता येत नाहीये: ९११, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला फोन. वाट बघायची नाही.

त्याच दिवशी दाखवायचं: डोळ्याजवळ किंवा तोंडात पुरळ, पापणी मिटण्याइतकी सूज, गुप्तांगावर फोड, अंगाचा बराच भाग व्यापलेला, १०० फॅरेनहाइटच्या वर ताप, फोडांतून पू, पिवळ्या मऊ खपल्या, किंवा कडेने गरम, दुखरी, वाढत जाणारी लाली. हे शेवटचे जंतुसंसर्गाचे संकेत आहेत आणि बहुतेकदा नखांनी खाजवल्यामुळे होतात. लहान बाळ किंवा गरोदर बाई असेल तर उंबरठा आणखी खाली आणा. तीन रात्री सलग झोप नाही किंवा तीन आठवडे उलटले तरी हटत नाही, तरीही जा.

डॉक्टर पोटातून स्टिरॉइड देतील तेव्हा एक प्रश्न विचारा: कोर्स किती दिवसांचा? पाच-सहा दिवसांचं तयार पाकीट मिळालं की तिसऱ्या दिवशी स्वर्ग वाटतो, आणि गोळ्या संपल्यावर दोन दिवसांत पुरळ दुप्पट जोराने उसळतं. वस्तू सगळ्या धुतल्या तरी पुरळ परत आलं, अशा घरांत मला हेच कारण जास्त सापडतं. तीव्र पुरळाला सहसा दोन ते तीन आठवड्यांचा, डोस हळूहळू उतरवत नेणारा कोर्स देतात. मधेच बरं वाटलं म्हणून बंद करायचा नाही, आणि मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्यांनी आपल्या मनाने सुरूही करायचा नाही. मधुमेह असेल तर ते आधी सांगा, या गोळ्यांनी साखर चांगलीच चढते. रक्तदाब आणि काचबिंदूचंही सांगा. सोबत तारखांचा तो कागद न्या, रोजचे फोटो न्या, आणि आजवर काय काय लावलं त्याची यादी द्या, हळद आणि कडुनिंबासकट.